दाराच्या तीन फळ्या

"पाक गुरू, उद्या शाळेत नाव द्यायचंय. मॅटलॅब की पायथॉन, एकच सांगा," असं म्हणत वेनिंग दारातून वाकून आत आली.

पाक गुरू म्हणजे मारवोतो गुरुजी. त्यांच्या घरात सगळेच वाकून येत. पेकालोंगान शहराच्या त्या किनाऱ्यालगतच्या वस्तीत भरतीचं पाणी घरात शिरे. मग लोक भराव घालून जमीन उचलून घेत. छप्पर होतं तिथंच राही आणि दारं बुटकी होत जात.

गुरुजींनी जन्मभर गणित शिकवलं, पण खडूनं. सेमारांग शहरातल्या संगणक वर्गात शाळेला एकच जागा मिळाली होती. ती वेनिंगची; शिकायची मात्र या दोन संगणकभाषांपैकी एकच. गुरुजी सांगतील ते ती डोळे मिटून घेणार होती, आणि याचीच त्यांना धास्ती होती. त्यांनी पुस्तकं आणून वाचली. जितकं वाचलं तितकं कमी कळलं.

वेनिंगची आई, बू रोदियाह, मेगोनो-भाताची, कोवळ्या फणसाच्या भाजीची, पुडी ठेवायला आली होती. ती म्हणाली, "गुरुजी, नवरा पसंत करायला मला एवढा वेळ लागला नव्हता."

"म्हणूनच," वेनिंग पुटपुटली.

गुरुजींनीच आठवड्यापूर्वी तोडगा काढला होता: दोन्ही भाषांना एकच गणित घालून बघ. गणितही घरचंच दिलं. त्यांची बायको सुलास्मी शिवणकाम करायची. पाणी आलं की ती आपल्या टेपनं घरातलं पाणी मोजून भिंतीवरच्या कॅलेंडरात आकडा लिहायची. ती गेल्यावर गुरुजी लिहू लागले. वेनिंगनं ते सगळे आकडे शाळेत मॅटलॅबला आणि घरी जुन्या लॅपटॉपवर पायथॉनला दिले होते.

आता तिनं लॅपटॉप उघडून दाखवला. "दोन्हींची रेघ अगदी सारखी आली. आणि बघा ना, खाली चाललीय. पाणी कमी होतंय, पाक गुरू."

गुरुजी कितीतरी वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. सुलास्मीचे आकडे असे एका रेघेत येतील हे त्यांच्या कधी मनातही आलं नव्हतं. बू रोदियाह एव्हाना अंगणात पोचली होती. तिला ही बातमी सांगायला ते लगबगीनं उठले, आणि चौकटीवर कपाळ आपटलं.

कपाळ चोळत ते तिथंच उभे राहिले.

"न्दुक, पोरी, हे पाणी कुठून मोजलंय?"

"जमिनीपासून."

"कुठल्या जमिनीपासून?"

वेनिंग हसली. मग हसू थांबवून तिनं पायाखाली पाहिलं.

जमीन वर घेतली की दार खालून कापावं लागे. सुलास्मीनं त्या फळ्या कधी टाकू दिल्या नाहीत. एक पुस्तकांच्या कपाटाखाली सापडली, दुसरी रांजणाखाली. तिसरीवर भाजी चिरून चिरून खाच पडली होती. वेनिंगनं तिन्हींची रुंदी मोजली, कुठली कधी कापली ते गुरुजींना विचारलं आणि ती ती उंची त्या त्या वर्षापुढच्या आकड्यांत मिळवली. रेघ पुन्हा काढली. आता ती वर चढत होती.



"पायथॉन शिक," गुरुजी म्हणाले.

"ते जास्त चांगलं आहे म्हणून?"

"ते मला खरंच कळत नाही. कदाचित चुकतही असेन. पण ते फुकट आहे, तुझ्या लॅपटॉपवर चालतं. दुसरं शाळेतच राहील. पाणी काही शाळेत येत नाही, घरी येतं."

वेनिंगनं मान हलवली. आता शेजारच्या घरांची दारंही मोजायला हवीत, एवढंच म्हणाली, आणि सुलास्मीचा टेप मागून घेऊन वाकून बाहेर पडली.

गुरुजींनी फळ्या जागच्या जागी ठेवल्या. मग दारापाशी आले. चौकटीच्या बाजूला भिंतीवर एक खिळा होता. कॅलेंडरासाठी सुलास्मीनं तो ठोकला, तेव्हा ती स्टुलावर चढली होती आणि गुरुजींनी खालून स्टूल धरलं होतं.

आता तो त्यांच्या डोळ्यांसमोर होता. त्यांनी त्यावर बोट ठेवलं. या वेळी स्टूल लागलं नाही.