अकरा स्क्रीनचा फॉर्म

"किती दिवसांचं होतं बाळ?" नर्स गीताबाईंनी मोबाईलवरून मान वर न काढता विचारलं.

"नवव्या दिशी गेला," तुळसा म्हणाली.

गीताबाईंचा अंगठा नवाऐवजी सहावर पडला. चूक सुधारायला त्यांनी 'मागे' दाबलं, आणि फॉर्म थेट पहिल्या स्क्रीनवर गेला. घरातली माणसं, बाळंतपणं, लसी, सगळं पुसलं गेलं.

पडवीच्या कडेला बसलेली सारिका हे पाहत होती. तो फॉर्म तिनेच बनवला होता.

सारिका कापडे गावच्या भागोजीची धाकटी मुलगी. भाऊ मुंबईला होता. ती महाडला खोली घेऊन कॉम्प्युटर शिकली आणि तिथल्याच एका संस्थेत लागली. २००८ साली संस्थेने नर्सबाईंच्या वह्या मोबाईलवर आणायचं काम काढलं, ते तिच्याकडे आलं. गावात विचारलं की भागोजी सांगायचा, पोरगी टायपिंग करते. चार महिने खपून तिने अकरा स्क्रीन एकामागून एक बसवल्या होत्या. 'पुढे' नीट चालत होतं. 'मागे'चं काम शेवटाला राहिलं, दिवस कमी उरले, म्हणून तिने ते बटण सरळ सुरुवातीला जोडून टाकलं. ऑफिसच्या टेबलावर कुणी चुकतच नव्हतं. आंबेनळी घाटाच्या बाजूच्या या डोंगरवाडीत फॉर्मची पहिली चाचणी होती.

"काय झालं?" तुळसाने विचारलं.

"काय नाय गो. परत विचारते."

पुन्हा नवव्या स्क्रीनपर्यंत पोचून तुळसाने उत्तर दिलं, तोच आरोग्य केंद्रातून फोन आला. बोलणं संपवून गीताबाईंनी पाहिलं, तर फॉर्म बंद झालेला. त्या तिसऱ्यांदा सुरुवातीपासून विचारू लागल्या.

तुळसाने तेच, त्याच आवाजात सांगितलं. नवव्या प्रश्नाला मात्र ती थांबली.

"दोनदा सांगितलं ना, बाय. त्याला कळत नाय का?" तिने मोबाईलकडे बोट केलं.

"राहू दे, बाई. बंद करा," सारिका म्हणाली. तिला तुळसाकडे बघवेना.

डोंगर उतरताना गीताबाई पुढे चालत होत्या. मग म्हणाल्या, "भर पावसात झोळी करून आणला त्याला. खालचा डांबरी रस्ता दिसायला लागला आणि तिथंच गेला. मी सोबत होते." थोडं पुढे गेल्यावर म्हणाल्या, "कागदावर निदान खोडता येतं गो."

दुसऱ्या दिवशी सारिकाने सगळा फॉर्म उसवला. आता प्रत्येक उत्तर दिल्याबरोबर साठवलं जात होतं. 'मागे' दाबलं की फक्त एकच स्क्रीन मागे. मध्ये फोन आला तरी फॉर्म त्याच प्रश्नावर थांबून राही. यात पंधरा दिवस गेले. नवव्या स्क्रीनवर तिने आणखी एक पर्याय घातला: 'आत्ता विचारू नये'.

"यानं बालमृत्यूंची बेरीज जुळणार नाही," संस्थेचे किरण सर म्हणाले.

"नाही जुळणार, सर."

"मग वरून विचारलं तर?"

"माझं नाव सांगा."

"ठेव," ते म्हणाले.

पुढच्या महिन्यात दोघी पुन्हा वर गेल्या. तुळसा गुरं बांधून आली, पाणी दिलं आणि समोर बसली. सगळे प्रश्न सरळ पार पडले. नववी स्क्रीन आली तेव्हा गीताबाईंनी मोबाईल खाली केला.

"हे राहू दे का? तशी सोय केलीय हिनं."

तुळसाने पदराला हात पुसले. "नको. विचारा. घरात त्याचं नाव कोन काढत नाय. तुमी तरी विचारा."

गीताबाईंनी विचारलं. तिने सांगितलं. या वेळी नऊचा आकडा नीट उमटला आणि फॉर्म पुढे सरकला.

"नाव नाय विचारलं?" तुळसा म्हणाली.

गीताबाईंनी सारिकाकडे पाहिलं. "बारसं झालं नव्हतं ना गो," त्या हळूच म्हणाल्या.

"बारसं नाय झालं. पन मी हाक मारायची." ती गोठ्याकडे बघत राहिली. "येसाजी."

सारिकाने मोबाईल घेतला. अकरा स्क्रीनमध्ये अशा नावाला कुठेच जागा नव्हती. अगदी शेवटी 'शेरा' होता. नर्सबाईंनी तिथे 'घर बंद', 'वाट वाहून गेली' असं लिहावं म्हणून ठेवलेला. एकेका अक्षरासाठी तीन-तीन, चार-चार वेळा बटण दाबत तिने तिथे ते नाव लिहिलं. वेळ लागला. तुळसा हलली नाही.

"झालं," सारिकाने मोबाईल तिच्यापुढे धरला.

"यातलं कंचं अक्षर?"

"हे सगळं मिळून, ताई."

तुळसाला वाचता येत नव्हतं. तिने मोबाईल दोन्ही हातांच्या ओंजळीत घेतला. जरा वेळाने स्क्रीनचा उजेड गेला.

"गेला?"

"नाही. आहे." सारिकाने एक बटण दाबलं. नाव पुन्हा उजळलं.

गीताबाईंनी पिशवी खांद्याला लावली, पण उठल्या नाहीत. काही क्षणांनी उजेड पुन्हा गेला. या वेळी तुळसाने कुणाला विचारलं नाही. आपल्याच अंगठ्याने, अगदी हलकेच, तिने बटण दाबलं.