अनंतदृष्टी महाराजांचं बिस्किट

शाहूपुरीतल्या त्या मंगल कार्यालयात मुंगीला शिरायला जागा नव्हती. चपलांचा ढीग पार रस्त्यापर्यंत आला होता. व्यासपीठावर झेंडूच्या राशीमागे अनंतदृष्टी महाराज बसले होते आणि भक्तानं तोंड उघडायच्या आत त्याचं दुखणं सांगत होते. एकाला म्हणाले, "पोराचं लगीन जमंना." तो ढसाढसा रडला. दुसऱ्याला म्हणाले, "भावकीत जागेचं भांडण." त्यानं लोटांगणच घातलं.

गौराबाईंची पाळी आली. सेवकानं मोबाइलवरचं टोकन बघून नाव पुकारलं. महाराजांनी डोळे मिटले, उघडले, फुलांवरून नजर फिरवली.

"माई, रक्तात साखर हाय. गोळ्यांना कंटाळलीस. व्हय का न्हाय?"

"व्हय की ओ, देवा!" गौराबाईंनी हातच जोडले.

"गोळ्या पंचगंगेत सोड. आजपासनं फक्त आपलं तीर्थ!"

जयजयकार झाला. सासूबाईंबरोबर आलेली वर्षाराणी मात्र महाराजांच्या नजरेकडं बघत होती. मिटल्या डोळ्यांनी ज्याला त्रिभुवन दिसतं, तो माणूस दर वेळी झेंडूत काय शोधतोय?

आठवडा उलटायच्या आत गौराबाई स्वयंपाकघरात चक्कर येऊन बसल्या. घरच्या यंत्रावर साखर बघितली तर आकडा इतका वर, की वर्षाराणीचे सासरे प्रभुलिंग यांनी यंत्र पुसून पुन्हा तपासलं. पण गौराबाईंचा हट्ट कायम. "मी न सांगता त्यांनी वळखलं. डाक्टरला तर सगळं सांगावं लागतंय!"

वर्षाराणी दुकानदारांना वेबसाइट बनवून द्यायची. तिच्या डोक्यात काहीतरी चमकलं. "आत्ती, टोकन कसं काढलासा?"

"म्हाराजांच्या वेबसाइटवर गेलतो. आधी विचारलं, कुकीज स्वीकारणार का? कुकी म्हंजे बिस्किट. देवाच्या दारातला परसाद कोण नाकारतंय? दाबलं हिरवं बटण. मग तिथलं साखरेच्या दुखण्यावरचं पान वाचलं, मग नाव घालून टोकन काढलं."

"मग बिस्किट मिळालं?"

"अजून न्हाय," गौराबाई गंभीरपणे म्हणाल्या. "पण कृपा बघ की! परवा दोडक्याची भाजी कशी करतात ते बघायला दुसऱ्याच वेबसाइटवर गेलतो, तर तिथंबी म्हाराजांच्या तीर्थाची जाहिरात. पाठच सोडंना!"

वर्षाराणी हसू दाबत सासऱ्यांकडं गेली. त्यांच्या मोबाइलवर तिनं कुकीज स्वीकारल्या, महाराजांच्या वेबसाइटवरचं एक पान पुन्हा पुन्हा उघडलं आणि टोकन काढलं. स्वतःच्या मोबाइलवर कोपऱ्यातलं फिकट 'नाकारा' बटण शोधून दाबलं, कोर्टकचेरीचं पान वाचलं आणि तिथंही टोकन काढलं.

"माझ्या मोबाइलवर कुठलं पान वाचलीस गं?" प्रभुलिंगांनी विचारलं.

"ते म्हाराजच सांगतील की, मामा."

पुढच्या दरबारात आधी वर्षाराणी उभी राहिली. महाराजांनी फुलांकडं पाहिलं. पुन्हा पाहिलं. मान तिरकी करून पाहिलं. "पोरी, तुझ्याभोवती दाट काळोख हाय. काईच दिसंना."

"बरं," म्हणत ती बाजूला झाली. प्रभुलिंग पुढं आले. महाराजांची कळी खुलली.

"वा पावणं! बायको जिवंत असताना, ह्या वयात, दुसऱ्या लग्नाचा इचार?"

मंडपात हशा उसळला. गौराबाई ताडकन उठल्या.

"गौरे, शपथ घेतो! त्या पानाचं मी तोंडबी बघितलं न्हाय!"

"कसलं पान?" म्हणत गौराबाई तरातरा व्यासपीठावर चढल्या. "आन् तुमाला कुठं दिसलं ओ हे?" त्यांनी झेंडूची रास दोन्ही हातांनी बाजूला सारली. खाली टॅबलेट उजळला होता. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "प्रभुलिंग. पान, दुसरा विवाह. वर्षाराणी..." पुढं काहीच नव्हतं.

"ही आधुनिक साधना हाय, माई! ह्या लहरी वैश्विक..." महाराज बोलत होते, पण पाय मागच्या दाराकडं निघाले होते.

वर्षाराणीनं माइक घेतला. "ते पान मीच उघडलं होतं. मामांचा दोष न्हाय. आता ऐका. जोतिबाला जाऊन आलेला माणूस न सांगता वळखू येतो का न्हाय? अंगावर गुलाल असतो. कुकी म्हंजे तसाच खुणेचा गुलाल, फक्त प्रत्येकाला वेगळ्या नंबरचा. वेबसाइट तो आपल्या मोबाइलात ठेवते. मग कुठलं पान वाचलं ते त्या नंबरापुढं जमा होतं, आणि टोकन काढताना आपणच त्याला आपलं नाव जोडतो. जाहिरातवाल्यांचा नंबर तर आपण दुसऱ्या वेबसाइटवर गेलो तरी वळखला जातो."

"आन् नाकारलं तर?" कुणीतरी ओरडलं.

"माझं काय बिघडलं? पान वाचलं, टोकनबी मिळालं. फक्त म्हाराजांना माझ्या नावापुढं काळोख दिसला. जाहिराती बंद होत न्हाईत, फक्त आपलं दुखणं बघून येत न्हाईत. सगळ्याच कुकीज वाईट नसतात. आपला लॉगिन लक्षात ठेवायला काही लागतातबी. पण आपण हातानं लिहून दिलेलं नाव 'नाकारा' दाबून पुसलं जात न्हाय, आणि लबाड वेबसाइट नकार मानीलच असंबी न्हाय. ह्यांनी बाजारातनं तयार यंत्रणा आणलेली, म्हणून तिनं मानला."

गौराबाई त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडं गेल्या आणि गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. प्रभुलिंगांना मात्र बरेच दिवस आपला मोबाइल बायकोच्या हातात द्यावा लागला.

तुमच्या मनातलं न सांगता ओळखणारा कुणी भेटला, तर पायावर डोकं ठेवण्याआधी ते डोकं जरा चालवा. त्याला एकच विचारा, "तुम्हाला हे कळलं कसं?" खरा डॉक्टर, खरा शिक्षक या प्रश्नाला आनंदानं उत्तर देतो. भोंदू मात्र मागचं दार शोधतो.