आकाशाचं अस्तर

घर रंगवायला माणूस हवा असला, की त्या काळी सगळे एकाच रंगाऱ्याकडे बोट दाखवत. त्याच्या भिंतीवरून माशीसुद्धा घसरेल, असं लोक म्हणत आणि तो ऐकून न ऐकल्यासारखं करी. भिंतीवर मोहरीएवढा फोड राहिला तरी त्याला घास गिळवत नसे.

अशा माणसाची एकुलती एक लेक चित्रकार झाली, ती भलत्याच वळणाची. तिला अवकाश रंगवायचं होतं. ग्रह नाहीत, यान नाही, चांदणीसुद्धा नाही. नुसता अंधार, धूळ आणि उजेड. रंगात ती वाळू कालवी, लाकडाचा भुसा कालवी, संगमरवराची पूड कालवी. मग तो लगदा फळीवर थापायचा आणि त्यातून तुटका कंगवा ओढायचा.

"मी जन्मभर खड्डे बुजवले आणि ही पोर खड्डे पाडून टाळ्या घेते," असं तो सोबतच्या माणसांना सांगे. बायको म्हणे, टाळ्या घेते तरी, तुमच्या भिंतींना कोणी वाजवल्यात का? लेकीच्या प्रदर्शनांना तो कधी गेला नाही. नेमकं त्याच दिवशी त्याचं कुठेतरी काम निघे.

मग गावात तारांगण उभं राहिलं. तिथल्या संचालिकाबाईंनी प्रवेशाच्या दालनासाठी लेकीचं चित्र मागितलं, पुरुषभर उंच आणि खाटेहून रुंद. मात्र उद्घाटनाच्या आत चित्र आलं नाही, तर तिथे दुर्बिणीतून टिपलेला फोटो छापून लावू, असं त्यांनी आधीच सांगून टाकलं. बाईंनाही वर कोणाला तरी उत्तर द्यायचं होतं.

लेकीनं घरी येऊन वडिलांना विचारलं, चित्राच्या फळीला रंगाखालचं अस्तर तुम्ही माराल का? तिनं आजवर त्याच्याकडे कामाचं काही मागितलं नव्हतं. तो नुसतं "बघू" म्हणाला आणि दुसऱ्या दिवशी हातातलं काम दुसऱ्याकडे सोपवून मोकळा झाला.

त्यानं भेगा बुजवायची लांबी भरली, पॉलिश पेपरनं घासली, पुन्हा भरली, पुन्हा घासली. वर पांढरा तैलरंग असा चढवला, की खिडकीतलं झाड फळीत उतरलं. हातून इतकं चांगलं काम पूर्वी झालं नव्हतं, हे त्याचं त्यालाच कळलं. लेकीनं फळीवरून हात फिरवला, त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि ती म्हणाली, "सुरेख झालंय, बाबा."

ती रंगवू लागली तेव्हा तो दाराशी स्टूल टाकून बसला. काळा रंग तिनं डब्यातून घेतलाच नाही. गडद निळा, तपकिरी आणि बाटलीचा हिरवा असे तीन रंग मिसळून तिनं काळोख केला, आणि तो काळोख जिवंत दिसायला लागला. मधोमध लगद्याचा मोठा भोवरा थापला. तो सुकल्यावर पातळ नारिंगी रंग त्यावर ओतला आणि लगेच फडक्यानं पुसून घेतला. उंचवट्यांवरचा रंग गेला, खाचांमधला राहिला, आणि आत खोल कुठेतरी विस्तव असावा तसं दिसू लागलं. रंगारी स्टुलावरून उठला. पुसून टाकायचा रंगही कामाला येतो, हे त्याला नवीन होतं.

दोन दिवसांनी भोवऱ्याची कड उचलली गेली. त्यानं नख घातलं, तर तळव्याएवढी खपली हातात आली. खाली त्याचा पांढरा रंग लख्ख चमकत होता.

त्याला सांगावं लागलं नाही. गिलावा धरायचा तर आधी भिंतीला टाचे मारून ती खडबडीत करावी लागते, हे तो पोरवयात शिकला होता. चांगलं काम करायच्या नादात नेमकं तेच विसरला होता.

"तुला ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

लेक खाली बघत म्हणाली, "हात फिरवला तेव्हाच कळलं होतं. कडेला थोडं घासून पाहिलं. पण पुढे जिवावर आलं. तुम्ही इतकं मन लावून केलं होतं."

तो चिडला, पण आवाज चढला नाही. "माझ्या कामाची कीव केलीस होय? माझ्या हाताखाली काम करणारा असा गप्प बसला असता, तर मी त्याला घरी धाडलं असतं. पुन्हा असं करायचं नाही. चूक दिसली की तोंडावर सांगायची."

दोघांनी फळीवरचा उरलेला लगदा खरवडून काढला. मग त्यानं छिन्नी घेतली. बायको आतून आली आणि दारातच थांबली. आपलं सगळ्यात देखणं काम तो स्वतः फोडत होता. पहिला घाव घालताना त्यानं डोळे मिटले. मग मात्र हात चालू लागला. लेक शेजारी गुडघ्यावर बसून सांगत होती, रांगेत नको बाबा, मध्ये दाट, बाहेर विरळ. तो म्हणाला, जन्मात पहिल्यांदा कोणीतरी मला वाकडं काम करायला सांगतंय.

लगद्याचा पहिला थर तिनं त्याच्याकडूनच घालून घेतला. तिथे खरी पंचाईत झाली. लगदा पसरायची पट्टी हातात आली की मनगट आपोआप सपाट फिरे आणि लेक ओरडे, "बाबा, गुळगुळीत होतंय!" शेवटी त्यानं पट्टी डाव्या हातात धरली. तेव्हा कुठे तिला हवे तसे डोंगर उठले. या वेळी खपली उचलली नाही. त्यानं नख घालघालून नखच मोडून घेतलं.

उद्घाटनाच्या दिवशी चित्र दालनात होतं. भाषणं झाली, संचालिकाबाईंनी लेकीला पुढे बोलावलं. रंगारी मागच्या रांगेत इस्त्रीच्या सदऱ्यात अवघडून बसला होता. भाषणं संपून माणसं पांगली तसा तो उठला आणि चित्रापाशी गेला. एक जोडपं समोरून बघत होतं. नवरा म्हणाला, काही कळत नाही बुवा.

रंगाऱ्यानं त्याच्या कोपराला धरलं. "समोरून नका बघू. इकडे कडेला या. खिडकीचा उजेड कसा अडतोय बघा. ती सावली रंगवलेली नाही, ती खरी आहे. सकाळी आलात तर ती दुसरीकडे असेल."

त्या माणसानं मान कलती केली, आणि मग बायकोला जवळ बोलावलं.

त्यांच्यानंतर दोन म्हाताऱ्या आल्या, मग शाळेची एक अख्खी रांग आली. प्रत्येकाला तो कडेला नेई, आणि शेवटी न विसरता सांगे, "माझ्या मुलीचं काम आहे."

बायको दोनदा येऊन गेली. अहो, दालन बंद करतायत, चला आता. तो म्हणाला, "तू हो पुढे. दारातून कोणीतरी आत येतंय."