पोटावर हो!

अडीच वर्षांच्या अंजूने सोमवारी झोक्याबाहेर पाय टाकला आणि साडीच्या झोळीत उलटी लटकली. शुभांगीने धावत जाऊन तिला सोडवलं आणि त्याच दुपारी झोका आढ्यावरून कायमचा काढला. लेक आता बाजेवर झोपणार होती.

"पडन ना पोट्टी!" सासू पंचफुलाबाई म्हणाली. "चारी बाजूनं उशा लाव."

"उशीवर चढून अजून उंचावरून पडन, आई. मी तिले उतरणंच शिकवतो."

वांग्यांची तोडणी चालू असल्याने ओसरीत कॅरेटं होतीच. शुभांगीने एक पालथं घातलं आणि अंजूला वर बसवलं. "पोटावर हो. पाय खाली सोड. जमीन लागली? आता हात सोड." तीन दिवस कॅरेटवरून झालं, मग दोन दिवस बाजेवरून. बाज भिंतीला घट्ट टेकवली होती आणि खाली जाड गोधडी होती.

शनिवारी दुपारी अंजू जागी झाली आणि सरकत काठाशी आली. समोरच्या बाजेवर बसलेली पंचफुलाबाई ओरडली, "अवं, धर तिले!"

"थांबा, आई." शुभांगीचे हात लेकीच्या पाठीमागे तयार होते, पण तिने ते लावले नाहीत.

अंजू पोटावर वळली. पाय लोंबले, अंगठ्याने गोधडी चाचपली आणि ती उतरली.

पंचफुलाबाई हुश्श करून उठू लागली, तशी अंजूने तिच्यापुढे बोट नाचवलं.

"आजी! पोटावर हो!"