पाठीवरचा लाल पट्टा

मित्रांनो, तुमच्या घरातले संगणकाचे सपाट, हडकुळे पडदे बघितले की मला त्यांची कीवच येते. मी जुना पंधरा इंची मॉनिटर. पुढे जाड काच, मागे हे एवढं कुबड, आणि वजन असं की उचलणारा कण्हायचाच. माझा जन्म १९९६ सालचा, एका मोठ्या कारखान्यातला. तिथे एका बाईंनी शेवटी माझ्या पाठीवर एक चकचकीत चिठ्ठी चिकटवली. चित्र दाखवताना मला किती वेग झेपतो, ते त्यावर आकड्यांत छापलेलं होतं. माझ्यानंतर आलेले मॉनिटर आपली कुवत वायरीतूनच संगणकाला कळवतात. मला ती विद्या दिलेली नव्हती. माझी सगळी ओळख त्या चिठ्ठीवर.

पुण्यातल्या एका कचेरीत मी काही वर्षं काढली. दिवसभर लोक माझ्याकडेच तोंड करून बसत, पण खुद्द मला कुणी बघितलंच नाही. २००२ साली कचेरीने संगणकासकट मला आळे गावाजवळच्या एका वाडीतल्या शाळेला देऊन टाकलं. टेम्पोतून उतरलो आणि काय तो थाट! मुलींनी हार घातला, मुख्याध्यापक सयाजीरावांनी नारळ फोडला, कपाळाला कुंकू लागलं. मी आतून सुखावलो.

दुसऱ्या दिवशी शाळेचे शिपाई गेणूमामा तेलरंगाचे डबे घेऊन आले. शाळेतल्या प्रत्येक वस्तूवर डेड स्टॉकचा, म्हणजे शाळेच्या सामानाच्या नोंदवहीतला, नंबर घालायचं काम त्यांचं, आणि त्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. बाक, घंटा, खिचडीचा डाव, सगळ्यांवर लाल पट्टा आणि त्यावर पांढरे आकडे. मामांनी मला फिरवलं, गुळगुळीत जागा शोधली आणि नेमका त्या चिठ्ठीवरच पट्टा ओढला.

दोन वर्षं त्या चिठ्ठीवाचून कुणाचं काही अडलं नाही. उज्ज्वलाबाई संगणक शिकवायच्या. त्या पश्चिमेकडच्या डोंगरातल्या, भाताची लावणी करता करता शिकलेल्या. नववीतल्या अकरा मुली त्यांच्याकडे यायच्या. प्रत्येकीच्या वाट्याला दहा मिनिटं. आरती नावाची मुलगी तर जाताना ओढणीने माझी काच पुसून जायची. एवढी माया मला कचेरीत कधी मिळाली नव्हती.

२००४ च्या जानेवारीत संगणक सुरू होईनासा झाला. अमृत हा शाळेचा माजी विद्यार्थी पुण्यात नोकरी करायचा. तो लिनक्स या संगणकप्रणालीची सीडी घेऊन आला.

"बाई, ह्याला पैसं लागत न्हाईत, आन् चालतंय लई झ्याक," तो म्हणाला.

बसवताना संगणकाने विचारलं, मॉनिटर कोणता? अमृतने यादीतून बिनधास्त सतरा इंची निवडला, कारण त्याच्या खोलीवर तसला होता. मग तो एसटी गाठायला पळाला.

बाईंनी संगणक पुन्हा सुरू केला. काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं भराभर धावली, ती मी नीट दाखवली. मग चित्र उमटायची वेळ आली, आणि संगणकाने असा वेग मागितला की मला धडकीच भरली. तेवढं पळालो असतो तर आतून जळालो असतो. मी टक् केलं आणि काळा पडलो. हिरवा दिवा पिवळा झाला. पुन्हा सुरू, पुन्हा टक्.

बाईंनी बटणं फिरवली, वायर काढून घातली. गेणूमामांनी माझ्या डोक्यात दोन थापट्या दिल्या. शेवटी सयाजीराव आले.

"बाई, मॉनिटर गेला. भंगारात घाला. शनिवारी पालकसभा आहे, तोवर चालला तर ठीक. नाहीतर ही खोली खिचडीच्या तांदळाला देऊ. व्हरांड्यात पोत्यांना उंदीर लागलेत."

"आणि मुलींचा वर्ग, सर?"

"कशावर घेणार? फळ्यावर?"

अहो, मी गेलो नव्हतो! पण मला तोंड कुठे? त्या दिवशी अकरा मुली माझ्यासमोर नुसत्या बसून गेल्या. आरतीने तरीही काच पुसली, आणि मला फार वाईट वाटलं.

गुरुवारी बाईंनी एसटीडी बूथवरून अमृतला फोन केला आणि तडक गेणूमामांकडे आल्या. "मामा, अमृत म्हणतोय मॉनिटर शाबूत असेल. त्याच्या पाठीवर आकडे असतात, तेवढे पाहिजेत."

दोघांनी मला फिरवलं. पाठीवर लाल पट्टा. गेणूमामा बघतच राहिले.

"हितं चकचकीत कागुद व्हता खरा," ते हळूच म्हणाले. "मीच रंगिवला."

"खरवडता येईल?"

"येतंय की. पर नंबर गेला तर तपासणीला सायेब मलाच धरत्याल. बावीस वर्सांत एक नंबर पुसू दिला न्हाई मी."

 पण मग मामाच घरी जाऊन दाढीचं ब्लेड घेऊन आले. तासभर ते माझ्या पाठीशी बसून होते. रंगाचे पापुद्रे त्यांच्या धोतरावर पडत होते. आपल्याच हातचं अक्षर खरवडताना ते सारखे सुस्कारे टाकत होते.

आकडे दिसले. एक वेग पन्नास ते एकशेवीस. दुसरा तीस ते पन्नास आणि वर काहीतरी. तिथला शेवटचा आकडा ब्लेडने गेला होता. बाई पुन्हा बूथवर गेल्या. अमृतने सांगितलं, "पन्नासच लिवा. कमी लिवलं तर काय व्हत न्हाई, जास्त नको." संगणक नुसत्या अक्षरांत कसा उघडायचा, कोणत्या फाइलमध्ये कुठे लिहायचं, तेही त्याने सांगितलं. बाईंनी सगळं वहीत उतरवून आणलं.

शुक्रवारी दुपारी त्यांनी एकेक अक्षर जपून टाइप केलं. संगणक सुरू झाला. अक्षरं धावली. मी जीव मुठीत धरून बसलो. मग वेग आला, आणि तो माझा होता! मी निळाभोर उजळलो.

"आलं, मामा, आलं!" बाई ओरडल्या.

शनिवारी पालकसभेत आरतीने आपल्या आईचं, सरूबाईंचं, नाव माझ्यावर मराठीत लिहिलं. सरूबाई अगदी काचेजवळ आल्या. "आगं, हे माजं नाव व्हय? आन् तू लिवलंस?" त्यांनी पदर डोळ्यांना लावला. सयाजीराव मागे उभे होते. ते म्हणाले, "गेणू, तांदळाची पोती माझ्या खोलीत ठेव."

पुढे पाच वर्षं मी त्या खोलीत काम केलं. मामांनी नवा नंबर माझ्या बुडाशी घातला, लहानसा. आता मी कपाटावर फडक्याखाली आहे. अजून बिघडलेलो नाही, एवढं सांगून ठेवतो.

मित्रांनो, कुणी गप्प झालं, काळं पडलं, की ते बिघडलं असं ठरवू नका. थापटी मारण्याआधी त्याला किती झेपतं, ते विचारा. आणि तुमच्याच हातून काही झाकलं गेलं असेल, तर ते खरवडायला लाजू नका. गेणूमामांना त्या वयात जमलं, तुम्हालाही जमेल.