न प्यायलेलं पाणी

सुनावणीसाठी तळमजल्यावरची खोली मिळावी, असा अर्ज वकीलबाईंनी आधीच केला होता. त्यावर उत्तर आलं, की अर्जाचा विचार सुनावणीच्या वेळी करण्यात येईल. आणि सुनावणी होती पहिल्या मजल्यावर.

लिफ्टच्या दारावर ‘दुरुस्ती चालू आहे’ अशी पाटी होती. पाटीचे कोपरे पिवळे पडले होते, म्हणजे दुरुस्ती बऱ्याच वर्षांपासून चालू असावी. शेवटी रखवालदार आणि एक कारकून यांनी चाकाची खुर्ची दोन्ही बाजूंनी धरली आणि मुलीसकट जिन्यानं वर न्यायला सुरुवात केली. मागून आई, हात पसरून, जणू खुर्ची निसटली तर ती ओंजळीत झेलणार होती. तिच्या मागून वकीलबाई, काखेत फाईल आणि कपाळावर आठ्या.

“उजवीकडचे काका, तुम्ही जास्त उचलताय,” खुर्चीतून सूचना आली. “दोघांनी सारखं उचला. आणि वळणावर आधी थांबायचं.”

रखवालदार हसला आणि वळणावर निमूटपणे थांबला. मुलगी सहावीत होती. पायांत जन्मापासून बळ नव्हतं, पण जीभ आणि डोकं दोन्ही तेज. घरात तिला सगळे मास्तरीण म्हणत, कारण लहानपणी ती उशा रांगेत मांडून त्यांना गणित शिकवायची आणि दरवर्षी एका उशीला नापास करायची.

वर पोहोचल्यावर शाळेचे वकील भेटले. ते याच जिन्यानं त्यांच्या आधी वर गेले होते.

“अरे, त्रास झाला का? सांगायचं ना, मी हात लावला असता.”

“आता खाली उतरायचंच आहे,” वकीलबाई म्हणाल्या. “तेव्हा लावा.”

वकीलबाईंचा हा रोजचा धंदा होता. ज्यांच्या मुलांना शाळा नीट सामावून घेत नाही, अशा आईबापांची बाजू त्या मांडत. कायदा त्यांच्या बाजूनं होता आणि तो त्यांना पाठ होता. घोडं अडायचं ते नेहमी दुसरीकडेच: रजेवर गेलेला साहेब, हरवलेली फाईल, पुढची तारीख. मास्तरणीच्या प्रकरणात आतापर्यंत एवढ्या तारखा पडल्या होत्या, की खटला सुरू झाला तेव्हा घेतलेला तिचा गणवेश आता आखूड झाला होता.

मागणी साधी होती. शाळेच्या वेळेत मुलीला एक मदतनीस बाई हवी. खुर्चीतून बाकावर, वर्गातून प्रयोगशाळेत, बाथरूमला, जिथे लागेल तिथे नेणारी. शाळेचं म्हणणं दुतोंडी होतं. मुलीला गरज नाही, म्हणून बाई नको. आणि खरंच एवढी गरज असेल, तर तिनं शाळेत न येता घरून अभ्यास करावा, ते तिलाच सोयीचं. आज साहेबांनी शाळेचं ऐकलं, तर पुढच्या महिन्यापासून मास्तरणीला घरी बसून पुन्हा उशांनाच शिकवावं लागणार होतं.

सुनावणीचे साहेब वयस्कर होते, स्वभावानं वाईट नव्हते, पण समोरच्यानं काहीही सांगितलं की ते लिहून घेईपर्यंत “हं” म्हणत. ते “हं” होकाराचं की नुसतं लिहिण्याचं, हे वकीलबाईंना इतक्या तारखांनंतरही कळलं नव्हतं.

मुख्याध्यापिका बोलायला उठल्या. आवाज मऊ, साडी कडक इस्त्रीची.

“साहेब, ती आमची लेकच आहे. आम्ही कधी दुजाभाव केला नाही. आणि मी जबाबदारीनं सांगते, पहिलीपासून आजवर तिनं एकदाही बाथरूमला न्या म्हणून सांगितलेलं नाही. वर्गशिक्षिकांना विचारा. एकदाही मागणी नाही. मग मदतनीस बसवून आम्ही तिच्याकडून काय काम घ्यायचं?”

“एकदाही नाही?” साहेबांनी विचारलं.

“एकदाही नाही.”

“हं,” म्हणून साहेबांनी ते लिहून घेतलं.

वकीलबाई उभ्या राहिल्या. त्यांच्याकडे दारांची रुंदी होती, पायऱ्यांची उंची होती, डॉक्टरांचे दाखले होते, कायद्याची कलमं होती. या एका वाक्याला मात्र उत्तर नव्हतं. त्यांनी आईला हे मागेच विचारलं होतं. आई तेव्हा म्हणाली होती, “ते आमचं जमतं, ताई. त्याची काळजी नको.” काळजी नको म्हटल्यावर वकीलबाईंनीही तो मुद्दा सोडून पुढचा कागद उलटला होता. आता त्यांनी आईकडे पाहिलं, तर आई टेबलाच्या कडेकडे पाहत होती.

त्याच वेळी शिपायानं प्रत्येकासमोर पाण्याचा ग्लास ठेवला. मास्तरणीसमोर ठेवला, तशी आईनं तिकडे न बघताच हात पुढे केला आणि ग्लास बाजूला सरकवला. रांगत्या पोरासमोरून आपण गरम भांडं सरकवतो, तसा. आपण काही केलं हे तिलाही कळलं नसावं. हाताला सवय होती.

वकीलबाईंनी ते पाहिलं आणि हातातली फाईल मिटली. शाळेच्या वकिलांना वाटलं मुद्दा संपला. ते समाधानानं मागे टेकले.

“साहेब, मला थोडा वेळ हवाय,” वकीलबाई म्हणाल्या. “अशिलाशी बोलायचंय.”

“आणखी तारीख मागू नका,” साहेब वैतागून म्हणाले.

“तारीख मलाच नकोय, साहेब. पाच मिनिटं द्या.”

बाहेरच्या बोळात मोडक्या खुर्च्यांची चळत होती. तिच्या आडोशाला त्यांनी आईला गाठलं. मास्तरीण दारापाशी चाकांवर हात ठेवून बसली होती.

“ही शाळेत पाणी पिते का?”

आईनं दारापाशी बसलेल्या मुलीकडे पाहिलं.

“अहो, मी काय विचारतेय?”

“सकाळपासून देत नाही मी,” आई हळू आवाजात म्हणाली. “कोरडंच काहीतरी खाऊन जाते. घरी आली की पिते. दोन दोन तांबे पिते.”

“उन्हाळ्यातसुद्धा?”

“तिला सवय झालीय.”

“डोकं दुखतं म्हणून तिला मध्यंतरी दवाखान्यात नेलं होतंत, ते यानंच ना?”

आईनं मान डोलावली.

वकीलबाईंनी डोक्याला हात लावला. “कमाल आहे तुमची. वर्षभर मी त्या शाळेची दारं मोजत हिंडतेय. उतार किती, उंबरा किती. आणि तुम्ही हे माझ्यापासून लपवून ठेवलंत?”

“प्रवेश घेताना मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, आमची अडचण होणार नसेल तर घेऊ. मी म्हटलं, काही त्रास होणार नाही. शब्द दिला मी. घेतलंही त्यांनी. दुसऱ्या दोन शाळांनी दारातूनच परत पाठवलं होतं, ताई. मी काय म्हणायला हवं होतं?”

हे ऐकून वकीलबाईंना आणखीच राग आला. त्यातला थोडा आईवर होता, बराच शाळेवर, आणि उरलेला कुठे ठेवायचा ते त्यांना कळेना. तुमची मुलगी त्रास देत नाही ना, असं विचारणाऱ्यांपुढे आईबाप पोराची गरज दडवून ठेवतात. इतकी बेमालूम दडवतात, की मग ती गरज आहे हे सिद्ध करायला वकील लागतो.

“आता मी हे आत सांगणार आहे.”

“नको, ताई. पाया पडते. तिच्यादेखत नको. आत पुरुष माणसं आहेत. मोठी होतेय ती. तिला काय वाटेल?”

“मग आपण खटला हरू.”

“दुसरं काहीतरी सांगा ना. तुम्ही एवढ्या शिकलेल्या.”

वकीलबाईंनी हात टेकले. आईची परवानगी नसताना त्यांना तोंड उघडता येत नव्हतं, आणि तोंड न उघडता जिंकण्याची विद्या त्यांच्या अभ्यासक्रमात नव्हती. त्या वळल्या, तर खुर्ची अगदी जवळ येऊन उभी होती. चाकांना अलीकडेच तेल घातलं होतं, ती वाजली नव्हती.

“झालं तुमचं?” मास्तरणीनं विचारलं. “आत बोलावतायत.”

आत आल्यावर साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. वकीलबाई उभ्या राहिल्या आणि पुन्हा दारांच्या रुंदीपासून सुरुवात केली. आपलंच बोलणं त्यांना गुळमुळीत वाटत होतं. शाळेचे वकील मधूनमधून “आदर राखून सांगतो” म्हणत आणि मग जराही आदर न राखता काहीतरी सांगत.

मास्तरणीनं हात लांब करून बाजूला सरकवलेला ग्लास पुढे ओढला. आईनं पटकन तिचं मनगट धरलं. मुलीनं आईकडे पाहिलं, मनगट हळूच सोडवून घेतलं आणि ग्लासभर पाणी न थांबता पिऊन टाकलं.

“वकीलमावशी, तुमचा घेऊ?”

वकीलबाईंनी बोलता बोलता आपला ग्लास तिच्याकडे सरकवला. तोही रिकामा झाला. मग तिनं वर्गात करतात तसा हात वर केला.

“साहेब, मी बोलू?”

“हं. म्हणजे, बोल.”

“मला थोड्या वेळानं बाथरूमला जावं लागेल. सकाळीही पाणी प्यायलेय मी, आईला न सांगता. इथे कोण नेतं?”

साहेबांचं पेन थांबलं. “तुझी आई आहे ना, बाळ.”

“आई शाळेत नसते.”

शाळेच्या वकिलांनी खाकरून नियमांचा मुद्दा पुढे चालू केला, पण त्यांचं स्वतःचंही लक्ष त्यात नव्हतं. ते एक कलम दोनदा बोलले. साहेब “हं” म्हणायचं विसरले.

“आता,” मास्तरीण म्हणाली.

आई अर्धवट उठली. मुलीनं मान हलवली. “तू बस, आई. मॅडम, तुम्ही न्याल का?”

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. वर्गात फळ्यापाशी कुणाला तरी बोलवावं, तसं ते होतं. मुख्याध्यापिका उठल्या. त्यांना उठावंच लागलं. त्या खुर्चीपाशी आल्या, वाकल्या, आणि त्यांचे दोन्ही हात मुलीच्या अंगापासून वीतभर अंतरावर थांबले. कुठे धरायचं, ते त्यांना माहीत नव्हतं.

“आधी खुर्चीचा ब्रेक लावायचा,” मास्तरणीनं सांगितलं. “इथे. नाहीतर खुर्ची मागे पळते. मग काखेतून हात घालायचे. एक नाही, दोन्ही. आणि मी तुमच्या गळ्याला धरते. पण बाथरूमच्या दारातून खुर्ची जात नाही, मी येताना पाहिलंय. म्हणजे तिथपर्यंत उचलावं लागेल.”

मुख्याध्यापिकांनी हात घातले, उचलायचा प्रयत्न केला आणि थांबल्या. त्यांची कंबर दुखत असावी. चेहरा लाल झाला होता. “मला... पडेल ती,” त्या म्हणाल्या.

“हो,” मास्तरीण म्हणाली. “म्हणून मी सांगत नाही कधी.”

साहेबांनी मान खाली घातली.

मग आईनं तिला उचललं, एका झटक्यात, वर्षानुवर्षांच्या सरावानं, आणि वकीलबाईंनी पुढे होऊन दारं उघडली. बोळाच्या टोकाला बाथरूम होतं. दाराला उंबरा होता, आणि आत कडी नव्हती, म्हणून वकीलबाई बाहेर दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. आयुष्यात त्यांनी पुष्कळ युक्तिवाद केले होते. आजचा त्यांच्या वाट्याचा हा एवढाच होता.

मुख्याध्यापिका त्यांच्या मागोमाग बोळात आल्या होत्या.

“मला कुणी हे सांगितलंच नाही,” त्या खालच्या आवाजात म्हणाल्या.

“विचारलं कुणी?” वकीलबाई फटकन बोलल्या. बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की हे वाक्य त्यांना स्वतःलाही लागू होतं.

साहेबांनी हुकूम त्याच खोलीत तोंडी सांगितला आणि कारकुनानं लिहून घेतला. सोमवारपासून शाळेनं मदतनीस बाई नेमावी. घरून अभ्यासाचा प्रस्ताव रद्द. शाळेच्या वकिलांनी अपिलाची मुदत विचारली, तेव्हा मुख्याध्यापिकांनी त्यांच्या बाहीला हात लावला आणि नको म्हणून खूण केली.

“हुकमाची प्रत कधी मिळेल?” वकीलबाईंनी विचारलं.

“छपाईयंत्र बंद आहे,” कारकून म्हणाला. “दुरुस्ती चालू आहे.”

वकीलबाईंनी डोळे मिटले आणि मनातल्या मनात काही अक्षरं उच्चारली. ती कुठल्याही कलमात बसणारी नव्हती. मग त्यांनी कारकुनाला हुकूम हातानं उतरवायला बसवलं आणि तो उतरवेपर्यंत त्याच्या डोक्यावर उभ्या राहिल्या.

उतरताना रखवालदार जेवायला गेला होता. खुर्चीच्या एका बाजूला कारकून लागला आणि दुसऱ्या बाजूला शाळेचे वकील.

“दोघांनी सारखं उचला,” मास्तरणीनं त्यांना बजावलं. “वळणावर आधी थांबायचं. आदर राखून.”

खाली फाटकापाशी पाण्याचा नळ होता. आईनं पिशवीतून बाटली काढली आणि नळाखाली धरली. बाटली निम्मी भरली, तसा तिचा हात नळ बंद करायला आपोआप पुढे गेला.

“सोमवारी बाई येऊ दे आधी,” ती पुटपुटली. “मग बघू.”

“आई,” मास्तरीण म्हणाली, “पूर्ण भर.”

आईनं वकीलबाईंकडे पाहिलं. वकीलबाई तिच्या हातातली पिशवी धरून उभ्या राहिल्या, तिचे दोन्ही हात मोकळे व्हावेत म्हणून.