हिरवळीखालच्या चौतीस जणी

धाकटीने पर्यावरणशास्त्राच्या पदवीला प्रवेश घेतला, तेव्हा घरात प्रत्येकाने आपापल्या परीने सुतक पाळलं. आई म्हणाली, "म्हणजे झाडं लावणार का तू?" थोरल्या भावाने "झाडं लावायला पदवी लागते होय?" असं विचारलं आणि स्वतःच्याच विनोदावर पोट धरून हसून घेतलं. एकटे बाबा खूश होते. बाबांचं प्लास्टिकच्या वस्तूंचं दुकान होतं. बादल्या, चटया, खोटी फुलं आणि अलीकडे धडाक्यात खपणारी प्लास्टिकची हिरवळ. "आपल्या घरात कुणीतरी निसर्गाकडे बघायलाच हवं," असं म्हणून त्यांनी बादल्यांच्या विक्रीतून फी भरून टाकली. यात काही विसंगत आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. धाकटीला ते कळत होतं, पण फी तर भरायचीच होती.

कॉलेजात निसर्गाचा अभ्यास बंद खोलीत, पडदे ओढून, एसी लावून चालायचा. जंगल भिंतीवर उमटायचं, बटण दाबलं की नदी यायची, पुन्हा दाबलं की प्रदूषित व्हायची. विभागप्रमुखांना मुलं पाठीमागे 'हरितसम्राट' म्हणत. पाणी वाचवण्यावरच्या व्याख्यानात ते प्रत्येक पाहुण्यापुढे पाण्याची सीलबंद बाटली ठेवत आणि पाहुणे दोन घोट पिऊन ती तिथेच सोडून जात. सर झाडांवर मनापासून प्रेम करत, फक्त झाडांनी रांगेत उभं राहावं आणि पानं गाळू नयेत एवढीच त्यांची अपेक्षा असे.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक प्रकल्प करावा लागे. धाकटीने प्रयोगशाळेच्या मागची जागा निवडली. भिंत आणि कुंपण यांच्यामधला तो तुकडा कुणाच्याच नजरेत नव्हता, म्हणूनच तिथे वाट्टेल ते सुखाने उगवत होतं. ती तिथे लाकडी चौकट जमिनीवर ठेवायची, गुडघे टेकायची आणि चौकटीत काय काय आहे ते मोजायची. मग चौकट उचलून पुढे. मैत्रिणी वातानुकूलित वाचनालयात जागतिक तापमानवाढीवर लिहीत असताना हिच्या कोपरांना मुंग्या चावत होत्या. पण हळूहळू तिला त्या जागेचं वेडच लागलं. चौतीस प्रकारच्या वनस्पती सापडल्या. रोज जेवताना ती नावं सांगायची: आंबुशी, एकदांडी, लाजाळू, लव्हाळा. भाऊ म्हणायचा, "गवतच ना?" बाबा मोबाइलवर भाव बघत "वा, वा" म्हणायचे.

विभागाला दर्जा देणारी समिती येणार होती आणि तिला एक प्रकल्प प्रत्यक्ष जागेवर दाखवायचा होता. सरांनी धाकटीचा निवडला. तिचा जीव सुपाएवढा झाला. समितीसमोर तो नीट झाला, तर पदवी हातात. नाही झाला, तर नव्या जागेवर पुन्हा पहिल्यापासून गुडघे टेकायचे.

एके दिवशी सरांनी वर्गात विचारलं, "हिरवळ पुरवणारं कुणी ओळखीचं आहे का? जरा समारंभासाठी हवी आहे."

धाकटीने टुणकन हात वर केला. बाबांचा धंदा सध्या मंदा होता. व्यासपीठाभोवती अंथरत असतील, असं समजून तिने नंबर देऊन टाकला. कुठे अंथरणार, हे विचारायचं काही तिला सुचलं नाही. एवढं मोठं गिऱ्हाईक मिळालं म्हणून बाबा दोन दिवस गुणगुणत होते.

समितीच्या आदल्या दिवशी ती चौकट घेऊन मागे गेली. पायाखालची जमीन सरकते असं म्हणतात, हिची तर नुसती झाकून टाकली होती. भिंतीपासून कुंपणापर्यंत हिरवीगार, एकसारखी, चकाकणारी हिरवळ. मधोमध पाटी: 'जैवविविधता उद्यान'. आणि कोपऱ्यात उकिडवे बसून कडा चिकटवणारे बाबा.

"बघ धाकटे, कसलं काम झालंय! सर म्हणाले, इथलं सगळं रान साफ करून घ्या, पण वेळच नव्हता. म्हटलं, वरूनच घालू. कुणाला कळतंय!"

तिला रडू आलं. राग सरांचा आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. बाबांवर मात्र रागावता येईना, कारण त्यांनी नवा शर्ट घातला होता.

ती तडक सरांकडे गेली. सर शांतपणे म्हणाले, "अगं, किती स्वच्छ दिसतंय! तू तुझे चौतीस सांग, समिती मान डोलावेल. त्या रानात समितीच्या अध्यक्ष मॅडमच्या साडीला कुसळं लागली असती तर?"

दुसऱ्या दिवशी समिती आली. मॅडम, त्यांच्यासोबत दोन सदस्य आणि मागे अख्खा विभाग. उन्हाने कडा उचकटायला नकोत म्हणून बाबाही बाजूला उभे होते. धाकटी हिरवळीवर उभी राहून बोलू लागली. या जागेत चौतीस प्रकारच्या वनस्पती आढळतात, असं तिने सांगितलं.

मॅडमनी इकडेतिकडे पाहिलं. "कुठे आहेत?"

सरांनी तिच्याकडे पाहून भुवई उंचावली. धाकटीने पायाखाली बोट दाखवलं.

"याच्या खाली."

बाबांना वाटलं, गिऱ्हाइकाला माल तपासायचा आहे. "दाखवतो ना मॅडम! पाठीमागचं कापड बघा, दहा वर्षं हलणार नाही," असं म्हणत त्यांनी कोपरा धरला आणि हिरवळ सर्रकन अर्ध्यापर्यंत गुंडाळली.

खाली सगळं चेपलेलं होतं. देठ मोडले होते, पानं जमिनीला चिकटली होती. एकदांडीचं एक फूल तेवढं अजून जिवंत होतं. मातीला कोंदट वास येत होता. बाबा हातात गुंडाळी धरून खाली बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ह्याच का गं त्या? तू जेवताना सांगतेस त्या?"

तिने मान हलवली. बोलली असती तर आवाज फुटला असता.

सरांना मात्र आवाजाची अडचण कधीच आली नव्हती. "मॅडम, हाच तर प्रयोग!" ते पुढे सरसावले. "कृत्रिम आच्छादनाचा वनस्पतींवर होणारा परिणाम! आमच्या विद्यार्थिनीची कल्पना, माझं मार्गदर्शन."

धाकटीने सरांकडे पाहिलं. तीन वर्षांत पहिल्यांदाच सर तिच्या उपयोगी पडत होते.

"हो मॅडम," ती घाईघाईने म्हणाली. "म्हणून अर्धी जागा आता उघडी ठेवायची आहे. पुढचं वर्षभर. कुणी साफ करायची नाही, अंथरायचं नाही, पाटीसुद्धा लावायची नाही. पुढच्या तुकडीने मोजायचं. सरांनीच तसं ठरवलंय."

"वा!" मॅडम म्हणाल्या आणि आपल्या माणसाला ते लिहून घ्यायला लावलं. सरांनी हसतमुखाने मान डोलावली. दुसरं करणार काय?

विभागाला उत्तम दर्जा मिळाला. सरांना एका परिषदेत या अभिनव प्रयोगाबद्दल शाल मिळाली. धाकटी पास झाली. बाबांनी अर्धी हिरवळ दुकानात परत आणली आणि कॉलेजला तेवढं बिल कमी केलं. भावाने याला धंदा बुडवणं म्हटलं.

समिती येऊन गेली त्या रात्री जेवायला बसल्यावर बाबांचा मोबाइल खिशातच राहिला. धाकटी आज नावं न घेताच जेवत होती. सांगून कुणी ऐकत नाही, याचीच तिला आता सवय झाली होती.

"ते मधलं फूल," बाबा ताटाकडे बघत म्हणाले, "त्याचं नाव काय गं?"

"एकदांडी."

"आणि बाकीच्या तेहतीस?"